साबणाला फेस का येत नाही? बोअरचं पाणी, रेझिन आणि मिठाचा हिशेब

या वेळी सगळे प्रश्न पाण्याच्या जडपणाचेच घेतले आहेत. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात तेच हे.

प्रश्न : बोअरच्या पाण्यात धुतलेला टॉवेल वाळला की पापडासारखा कडक होतो. मशीनमध्ये पावडर दुप्पट टाकावी लागते, बादलीच्या कडेला पांढरा राप बसतो. टीडीएस मीटरवर 900 येतं. एक दुकानदार सॉफ्टनर घ्या म्हणतो, दुसरा आरओ. काय घ्यावं? (गृहिणी, अमळनेर)

आधी ते मीटर बाजूला ठेवा. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतं. त्या क्षारांत कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि सोडियम किती, हे त्याला कळत नाही. तुमचा त्रास कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा आहे. 900 टीडीएसच्या एका बोअरचा जडपणा लिटरला 250 मिलिग्रॅम असू शकतो आणि शेजारच्या बोअरचा 600.

जडपणा मोजायची थेंबांची किट प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळते. दिलेल्या खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, त्यात बफरचे थेंब आणि रंगाची पूड टाकायची. पाणी डाळिंबी लाल होतं. मग मोजणीच्या बाटलीतून एकेक थेंब टाकून दर थेंबाला हलवायचं. शेवटाजवळ रंग जांभळट होतो आणि पुढच्या एक-दोन थेंबांत स्वच्छ शाईसारखा निळा. तिथे थांबायचं. जांभळ्यावर थांबलात तर आकडा कमी येईल. एका थेंबाला 25 मिलिग्रॅम असं बाटलीवर लिहिलं असेल आणि 22 थेंब लागले असतील, तर जडपणा लिटरला 550 मिलिग्रॅम. नमुना थेट बोअरच्या नळाचा घ्या, टाकीतला नको. नगरपालिकेचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडत असेल तर आकडा रोज बदलेल.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा 200 आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. पण साबणाला ही सवलत नाही. साबण आधी कॅल्शियमला चिकटतो, त्याचा न विरघळणारा चिकट गोळा होतो (तोच बादलीचा राप आणि टॉवेलचा कडकपणा), आणि सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम संपल्यावरच फेस धरतो. रसायनाच्या हिशेबाने 1 ग्रॅम जडपणा सुमारे 6 ग्रॅम शुद्ध साबण खातो. 550 च्या पाण्याच्या 20 लिटरच्या बादलीत 11 ग्रॅम जडपणा असतो, म्हणजे 65 ते 70 ग्रॅम साबण मळाला हात लावायच्या आधीच गेला. पावडरीचा असा गोळा होत नाही, पण तिच्यातला सोडा आणि इतर मदतनीस घटक याच कामात खर्ची पडतात, म्हणून दुप्पट लागते.

तेव्हा धुण्या-अंघोळीला सॉफ्टनर. आरओ पिण्यापुरता ठीक. तो बरंच पाणी वाया घालवतो आणि ताशी 10-15 लिटर देणाऱ्या घरगुती आरओवर कपडे धुता येत नाहीत. एक गोष्ट आधीच समजून घ्या, नाहीतर नंतर फसवल्यासारखं वाटेल : सॉफ्टनर पाण्यातून क्षार काढत नाही, त्यांची अदलाबदल करतो. रेझिनचे दाणे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दाणे भरले की मिठाचं पाणी सोडून त्यांच्यावर पुन्हा सोडियम बसवायचं, यालाच रिजनरेशन म्हणतात; मीठ लागतं ते यासाठी. त्यामुळे सॉफ्टनरनंतरही मीटर 900 च दाखवेल, कदाचित थोडं जास्तच. मशीन बिघडलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. तपासणी थेंबांनीच करा.

प्रश्न : घरात सहा माणसं, जडपणा 550. विक्रेते 10 लिटर रेझिनपासून 50 लिटरपर्यंत काहीही सांगतात. नेमकं किती घ्यावं, मीठ किती लागेल आणि बसवायचं कुठे? (वाचक, चोपडा)

हा हिशेब घरी, कागदावर होतो. अंघोळ, कपडे आणि भांडी एवढंच पाणी मऊ करा. संडास, अंगण, झाडं आणि स्वयंपाकाचा नळ वगळा. माणशी 80 लिटर धरले तर दिवसाला 500 लिटरच्या आत भागतं. 500 गुणिले 0.55, म्हणजे रोज 275 ग्रॅम जडपणा पकडायचा आहे.

बाजारात मिळणारं सॉफ्टनरचं रेझिन बहुधा एकाच जातीचं असतं : पॉलिस्टायरीनचे पिवळसर तपकिरी दाणे, काही खसखशीएवढे, काही राजगिऱ्याएवढे. त्याची कागदावरची क्षमता लिटरला सुमारे 100 ग्रॅम असते. विक्रेता हाच आकडा सांगतो. पण प्रत्यक्ष किती मिळेल ते तुम्ही मीठ किती देता त्यावर ठरतं. लिटर रेझिनला 100 ग्रॅम मीठ दिलं तर सुमारे 45 ग्रॅम जडपणा पकडला जातो. 160 ग्रॅम दिलं तर सुमारे 55. 240 ग्रॅम दिलं तर 68 च्या आसपास. मीठ अडीचपट झालं तरी काम दीडपटच झालं, हे लक्षात घ्या.

तुमच्यासाठी 25 लिटर रेझिन योग्य. दर वेळी 4 किलो मीठ दिलंत तर क्षमता 25 गुणिले 55, म्हणजे 1375 ग्रॅम. ती पाच दिवस पुरते, म्हणजे 2500 लिटर पाणी. सेटिंग (किती लिटरनंतर मीठ द्यायचं तो आकडा) मात्र 2300 लिटरवर ठेवा, कारण शेवटचे दोनशे लिटर कधी जड येतील याचा भरवसा नसतो. महिन्याला 25-26 किलो मीठ लागेल. मिठात बचत हवी असेल तर दर वेळी अडीच किलो द्या आणि 1900 लिटरवर फिरवा; महिन्याचं मीठ 20 किलोच्या आसपास येतं, पण पाण्यात जडपणाचा थोडा अंश उरतो. कपड्यांना तो चालतो. आमचा कल या दुसऱ्या पद्धतीकडे आहे. 10 लिटरचं घेतलंत तर चार किलोच्या हिशेबाच्या प्रमाणात मीठ देऊनही ते दोन दिवसांत संपेल आणि दिवसाआड मीठ देता देता कंटाळून तुम्ही ते बंद कराल.

25 लिटरला 9 इंच व्यासाची, 48 इंच उंचीची फायबरची टाकी बसते. टाकी वरपर्यंत भरलेली नको. बॅकवॉशच्या (खालून वर उलटं पाणी सोडून रेझिन धुण्याच्या) वेळी रेझिन दीडपट फुलून वर येतं, तेवढी जागा मोकळी लागते. काही ठिकाणी जास्त रेझिन दिल्याचं दाखवायला गच्च भरतात. अशा टाकीत बॅकवॉश होतच नाही, किंवा दाणे गटारात जातात.

बसवण्यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, बोअरच्या मोटरीला थेट जोडणं. मोटर ताशी दोन-तीन हजार लिटर ढकलते आणि 25 लिटर रेझिनमधून ताशी 600 ते 750 लिटरच जायला हवेत. त्यापेक्षा वेगात पाणी दाण्यांना न शिवता निघून जातं. दुसरी, गच्चीवरच्या टाकीखाली बसवणं. टाकी तीन मीटर उंच असली तरी दाब एक बारच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच मिळतो आणि ऑटोमॅटिक वॉल्व्हचा इंजेक्टर दीड-दोन बारशिवाय मीठपाणी ओढत नाही. म्हणून क्रम असा ठेवा : बोअरची टाकी, मग छोटा पंप, मग गाळ अडवणारा फिल्टर, मग सॉफ्टनर, मग मऊ पाण्याची वेगळी टाकी. शिवाय सॉफ्टनर सावलीत हवा. फायबर टाकी आणि वॉल्व्ह साधारण 49 अंशांपर्यंतच्या कामासाठी असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच 45 ला जाते. पत्र्याखाली किंवा गच्चीवर उन्हात ती मर्यादा सहज ओलांडते.

हाताने फिरवायचा वॉल्व्ह असेल तर रिजनरेशन असं करा. आधी बॅकवॉश, 10 मिनिटं, मिनिटाला 10 लिटरच्या वेगाने, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. 4 किलो जाडं मीठ 12-13 लिटर पाण्यात विरघळवून, निवळून, सुती कापडातून गाळलेलं तयार असू द्या. इंजेक्टर ते ओढताना साध्या पाण्यात मिसळून सुमारे 10 टक्के करतो. हे पाणी रेझिनमधून अर्धा तास तरी हळूहळू गेलं पाहिजे. घाईत पाच मिनिटांत सोडलंत तर निम्मं मीठ काम न करताच वाहून जातं. मग त्याच संथ वेगाने अर्धा तास साधं पाणी, आणि शेवटी 5-10 मिनिटं जोरात धुणं. जिभेला खारटपणा लागेनासा झाला की संपलं. एका वेळेला एकूण अडीचशे लिटरच्या आसपास पाणी जातं.

मीठ जाडंच घ्या. बारीक मीठ टाकीत दगडासारखं बसतं.

प्रश्न : भाड्याच्या खोलीत राहतो, सॉफ्टनर परवडत नाही. काही साधा उपाय? (विद्यार्थी, धुळे)

आहे. धुण्याचा सोडा, खायचा नव्हे. 550 च्या पाण्याच्या 20 लिटरच्या बादलीला हिशेबाने 12 ग्रॅम कोरडी सोडा पूड लागते; मॅग्नेशियमसाठी थोडी वाढवून 15 ते 20 ग्रॅम टाका. स्फटिकाचा सोडा असेल तर त्यात पाणीच जास्त असतं, म्हणून पावणेतीनपट, म्हणजे 40 ते 50 ग्रॅम. कोमट पाण्यात ढवळा, अर्धा तास ठेवा. पाणी आधी दुधाळ होईल, मग तळाशी पांढरा गाळ बसेल. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन त्यातच पावडर टाका. गाळासकट धुतलंत तर तोच गाळ कपड्यावर बसेल.

हे पाणी अंगाला, रेशमाला, लोकरीला आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना वापरू नका. आणि धुण्याला वडीच्या साबणाऐवजी पावडर वापरा, कारण शेवटचं खळबळणं जड पाण्यातच होणार आणि कपड्यात साबण उरला असेल तर त्याचा राप तिथेच धरतो.

प्रश्न : वसतिगृहात 60 लिटर रेझिनचा ऑटोमॅटिक सॉफ्टनर आहे. पहिलं दीड वर्ष उत्तम चालला. आता मीठ भरूनही फेस येत नाही. कंपनीचा माणूस रेझिन बदला म्हणतो. (व्यवस्थापक, भुसावळ)

रेझिन इतक्यात बदलू नका. बरं सांभाळलेलं रेझिन कित्येक वर्षं चालतं. या क्रमाने पाहा.

सॉफ्टनरच्या तोंडाशी, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा थेंब-नमुना घ्या, आणि एक स्नानगृहाच्या नळाचा. तोंडाशी शून्य आणि नळाला जड असेल तर बायपासचा (सॉफ्टनर टाळून जाणाऱ्या नळीचा) कॉक अर्धवट उघडा आहे, किंवा मधल्या टाकीत कुठून तरी बोअरचं पाणी मिसळतंय. तोंडाशीच जड असेल तर पुढे.

मिठाच्या टाकीत लाकडी काठी सरळ खाली घाला. वर मीठ भरलेलं दिसतं, पण काठी एक कडक थर फोडून एकदम खाली गेली तर मधे पोकळी झाली आहे. मीठ कमानीसारखं आवळून बसलं आणि खालच्या पाण्याला त्याचा स्पर्शच नाही. थर फोडा, आणि यापुढे टाकी निम्मीच भरा. “मीठ भरूनही” असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पहिला संशय इथेच येतो.

मग वॉल्व्ह हाताने मीठ ओढायच्या टप्प्यावर आणा. मिठाच्या टाकीतली नळी काढून तिच्या टोकावर अंगठा धरा. अंगठा ओढला गेला पाहिजे. ओढ नसेल तर इंजेक्टरच्या बारीक भोकात रेती किंवा मिठातली घाण अडकली आहे, नळीच्या सांध्यातून हवा शिरतेय, पंपाचा दाब पडलाय, किंवा निचऱ्याची नळी मुडपली आहे. इंजेक्टर खोलून पाण्याने धुवा आणि भोक दातकोरणीने मोकळं करा, सुईने नको. भोक मोठं झालं की मिठाचं प्रमाण कायमचं बिघडतं.

ओढ बरोबर असेल तर बोअरचा जडपणा आज पुन्हा मोजा. पाणी खडकात जितका काळ राहतं तितके क्षार उचलतं, आणि उन्हाळ्यात खोलवरचं पाणी आलं की आकडा चढू शकतो. 400 ला लावलेलं सेटिंग 600 ला अपुरं पडणारच. लिटरचा आकडा त्या प्रमाणात खाली आणा.

एवढं करूनही जड येत असेल तर टाकीचं वरचं झाकण खोलून मूठभर रेझिन बाहेर काढा. दाणे पिवळसर तपकिरी आणि चकचकीत असतील तर ते ठीक आहेत. काळपट लाल आणि गंजाचा लेप असेल तर लोह. बोअरचं पाणी काढताना स्वच्छ दिसतं आणि बादलीत तासाभरात तांबूस होतं का, तेही पाहा. लोहासाठी सायट्रिक आम्लाचं (लिंबूसत्त्व) 5 टक्क्यांचं द्रावण रेझिनमध्ये तासभर मुरवा, भरपूर धुवा, आणि मग दुप्पट मीठ देऊन रिजनरेशन करा. आम्लाने दाण्यांवर सोडियमच्या जागी हायड्रोजन बसलेला असतो, तो या मिठाने परततो. पुढे लोहाचा फिल्टर आधी बसवावाच लागेल. दाणे चिमटीत दाबल्यावर मऊ लागले, चुरले, तर बहुतेक कुणीतरी बोअरच्या टाकीत ब्लीचिंग पावडर जास्त टाकत आलंय. क्लोरीन रेझिनची वीण उसवतो. असं रेझिन मात्र बदलावंच लागतं. ब्लीचिंग टाकायचं तर मऊ पाण्याच्या टाकीत टाका.

नळाच्या जाळीत दाणे सापडले तर टाकीच्या तळाची गाळणी फुटली आहे; निचऱ्यात सापडले तर बॅकवॉशचा वेग जास्त आहे. दोन्हींत रेझिनची उंची मोजा आणि जेवढं गेलं तेवढंच भरा.

प्रश्न : सॉफ्टनरचं पाणी प्यायलं तर चालतं का? वरण-बट्टीची तूरडाळ बोअरच्या पाण्यात शिजतच नाही, म्हणून विचारते. (गृहिणी, पाचोरा)

डाळ न शिजण्याचं कारण तेच कॅल्शियम. ते डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतं. मऊ पाण्यात डाळ लवकर शिजेल. पण 100 मिलिग्रॅम जडपणाच्या बदल्यात लिटरला 46 मिलिग्रॅम सोडियम येतं. 550 चं पाणी मऊ केलं तर लिटरला सुमारे 250 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 3 लिटर पिणाऱ्याच्या पोटात जवळपास 2 ग्रॅम मिठाइतकं सोडियम. घरात रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर हे पाणी पिण्याला नकोच, आणि बाळाच्या दुधालाही नको. स्वयंपाकाला आरओचं पाणी घ्या, डाळ त्यातही शिजते. आरओ सॉफ्टनरच्या पुढे जोडलात तर तो सोडियमही काढतो आणि त्याच्या पडद्यावर क्षाराचा थर लवकर बसत नाही.

प्रश्न : पाइपला बांधायचं चुंबक मिळतं, त्याने पाणी मऊ होतं म्हणतात. तुरटीचं काय? (वाचक, शहादा)

चुंबक लावण्याआधी आणि लावल्यावर थेंब मोजा. आकडा तोच येईल, आणि साबण त्या आकड्यालाच मानतो. तुरटी गढूळपणा खाली बसवते, जडपणा नाही. उकळल्याने काही भाग जातो, बायकार्बोनेटच्या रूपात असतो तेवढा. गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा दगड म्हणजे तोच भाग.

प्रश्न : घर मळ्यात आहे. सॉफ्टनरचं निचऱ्याचं पाणी केळीच्या बागेत सोडू का? आणि ठिबकच्या नळ्या क्षाराने बंद पडतात, त्यालाही सॉफ्टनर लावावा का? (शेतकरी, रावेर)

दोन्हींना उत्तर एकच : नको.

तुमची जमीन स्वतःच एक रेझिन आहे. 1850 साली इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे या दोघांनी मातीवर प्रयोग करताना पाहिलं की माती खतातला अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. आयनांच्या अदलाबदलीचा शास्त्रीय अभ्यास तिथून सुरू झाला. कृत्रिम रेझिन आलं ते पुढे 1935 मध्ये. काळ्या जमिनीत ही अदलाबदलीची ताकद फार असते. तिच्या कणांवर कॅल्शियम असतं तोवर ढेकळं भुसभुशीत राहतात. तिथे सोडियम येऊन बसलं की कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वर पापुद्रा धरतो. चोपण जमिनीत जिप्सम टाकतात ते सोडियम हुसकून पुन्हा कॅल्शियम बसवायला, म्हणजे सॉफ्टनरच्या बरोब्बर उलटी क्रिया. मग बागेत मऊ पाणी सोडून ती जमीन आपणच का बिघडवायची? केळीला तर खारटपणा आधीच सोसत नाही. अंघोळीच्या मऊ पाण्यावर परसबागही करू नका.

ठिबकसाठी आम्ल प्रक्रिया करा, ठिबकच्या कंपनीने दिलेल्या मात्रेने. तिथे प्रश्न साबणाचा नाही, ड्रीपरच्या तोंडावरचा थर विरघळवण्याचा आहे.

निचऱ्याचं पाणी कमी करणं हाच पहिला मार्ग. महिन्याला 25 किलो मीठ वापरलंत तर त्यातलं सुमारे 15 किलो क्लोराइड जसंच्या तसं बाहेर पडतं, त्याला माती अडवत नाही आणि रेझिनही नाही. विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलंत तर ते तुमच्याच पाण्यात उतरेल. गावाची गटार असेल तर तिथे न्या. नसेल तर मिठाची मात्रा लिटर रेझिनला 100 ग्रॅमवर ठेवा आणि अंघोळ-कपड्यांपलीकडे मऊ पाणी वापरूच नका.

एक पाणी मात्र वाचवता येतं. बॅकवॉशचे पहिले शंभर लिटर म्हणजे फक्त बोअरचं पाणी आणि थोडा गाळ, त्यात मीठ नसतं. निचऱ्याच्या नळीला टी लावून दोन कॉक बसवा. बॅकवॉशचं पाणी टाकीत घेऊन बांधावरच्या झाडांना द्या, आणि मीठ ओढायला सुरुवात होण्याआधी तो कॉक बंद करा.